‘ध’चा ‘मा’ आणि पहिले मत



सुरुवातीलाच एक कबुली देतो. आजचा विषय आहे पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलामुलींना निवडणुकीतल्या थापा ओळखायला शिकवण्याचा, आणि मला वेळ दिलाय एक तास. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर सुमित्रा बद्रीनाथन या संशोधक बाईंनी बिहारमध्ये जवळजवळ हाच उद्योग करून पाहिला होता. बाराशेहून अधिक माणसे घेतली, त्यांतल्या काहींना खोटी बातमी कशी ओळखायची याचा साधारण तासभराचा पाठ समोर बसून दिला, आणि नंतर पुन्हा जाऊन तपासले. सरासरीने पाहता म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. काही पक्षनिष्ठ मंडळी तर आपल्या पक्षाच्या सोयीची थाप ओळखण्यात पाठानंतर आणखीच कच्ची निघाली. तेव्हा तासाभराने आपण सतरंजीवरून उठाल, तेव्हा काय होणार हे शास्त्राने आधीच सांगून ठेवले आहे.

तरीही आलो, कारण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना भाषणांचा मनस्वी कंटाळा होता. मुलांचे हात काळे झाल्याशिवाय विज्ञान शिकवले असे त्यांना वाटत नसे. त्यामुळे मीही आज उपदेश करणार नाही. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवताना, आणि जवळपास तितकीच वर्षे निवडणुकीची ड्युटी करताना जे हाताला लागले ते सांगतो.

२०१९च्या लोकसभेला मी केंद्राध्यक्ष होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, भिंतीवर पाढे, बाहेर एप्रिलचे ऊन. दहाच्या सुमारास एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची असेल. हातात आधार कार्ड आणि वहीचे फाडलेले पान. मोबाइल आत आणता येत नाही हे तिला ठाऊक होते, म्हणून मेसेज कागदावर उतरवून आणला होता; अक्षर सुरेख. मतदारयादीत तिचे नाव नव्हते. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने तसे सांगितल्यावर ती जराही न गडबडता म्हणाली, “मग मला कलम ४९ ए खाली चॅलेंज व्होट द्या.”

तो मेसेज आपल्यापैकी पुष्कळांच्या मोबाइलवर आला असेल. २०१९ला फिरला आणि पुढेही पुन्हापुन्हा फिरत राहिला. यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि ‘चॅलेंज व्होट’ मागा. तुमच्या नावाने आधीच कुणी मत टाकले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. आणि ज्या केंद्रावर चौदा टक्क्यांहून अधिक टेंडर व्होट पडतील तिथे फेरमतदान होते. खाली तळमळीची विनंती : जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

या मेसेजची कारागिरी पाहण्यासारखी आहे. त्यात तद्दन खोटे फार थोडे आहे. टेंडर व्होट खरोखर आहे. आमच्या मराठी पुस्तिकेत त्याला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. निवडणूक संचालन नियमांतल्या ४९ पी या नियमाने ते मिळते. २०१८च्या ‘सरकार’ या तमिळ चित्रपटामुळे त्या नियमाची एकदम चर्चाही झाली. पण ते मत यंत्रावर देता येत नाही. मतदाराला छापील मतपत्रिका मिळते, ती पाकिटात बंद होते, आणि निवडणूक याचिकेत न्यायालयाने विचारात घेतली तरच तिला काही अर्थ. मोजणीच्या टेबलावर ती येतच नाही. ‘चॅलेंज’ही खरे आहे, फक्त त्याची दिशा उलटी आहे. मतदाराने मागायची ती सवलत नव्हे. समोर उभा असलेला माणूस खरा मतदार नाही असा संशय एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला आला, तर त्याने दोन रुपये भरून मतदारावर घ्यायची ती हरकत आहे. ४९ ए हा नियमही अस्तित्वात आहे! तो मतदानयंत्राची रचना कशी असावी हे सांगतो. चौदा टक्के मात्र शुद्ध हवेतून आलेले. तेरा नाही, पंधरा नाही, चौदा. गोल आकड्यावर माणसाला शंका येते. वेडावाकडा आकडा दिसला की वाटते, कुठेतरी नक्की लिहिलेला असणार.

मुलगी परत गेली. मत न देता. ती भांडली नाही, आणि तेच मला जास्त लागले. जाताना तिने फक्त विचारले, “म्हणजे यादीत नाव घालायची मुदत कधीच संपली का?” संपली होती. यादीत नाव नोंदवायचा नमुना ६ भरायला तिला कुणी वेळेत सांगितले असते तर काम दहा मिनिटांचे होते. नाव नसले तरी चालते, आधार पुरते, अशी त्या मेसेजने तिची समजूत घातली होती. तिचे मत कुणी फिरवले नाही. या बाजूचे त्या बाजूला गेले नाही. ते जन्मालाच आले नाही. खोट्या बातमीने निवडणूक बिघडते म्हणजे लोक चुकीच्या माणसाला मत देतात, असे आपण धरून चालतो. माझ्या खोलीत पाहिलेले नुकसान याहून साधे होते आणि भरून न येणारे होते.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले. निवडणुकीतली थाप अज्ञानावर जगत नाही, अर्धवट माहितीवर जगते. आणि अर्धवट माहिती द्यायचे काम आम्ही नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी मनापासून केले आहे. इतिहासाच्या पेपरच्या शेपटीला बांधलेला हा विषय. लोकसभेची सदस्यसंख्या, राज्यसभेची मुदत, राष्ट्रपतींचे अधिकार. मतदान केंद्रात शिरल्यावर पहिल्या टेबलावर काय होते, दुसऱ्यावर काय, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी किती सेकंद दिसते, संध्याकाळी कोणता कागद कुणाला मिळतो, यांतले काहीच पुस्तकात नसायचे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९मध्ये मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे मतदार आमच्या बारावीच्या बाकावर येऊन बसला. आम्ही त्याला शिकवत राहिलो राष्ट्रपतींचे अधिकार.

‘नोटा’चेच घ्या. ‘नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर निवडणूक रद्द होते आणि पुन्हा होते’ हा मेसेज दर निवडणुकीला येतो. वर्गात विचारले की अर्धे हात खरे म्हणून वर जातात, अर्धे खोटे म्हणून. उत्तर असे आहे की निवडणूक कोणती ते आधी सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर नोटाचे बटण आले. पण लोकसभेला आणि विधानसभेला नोटाच्या मतांनी निकाल बदलत नाही, उमेदवारांत ज्याला जास्त मते तो निवडून येतो. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून अधिक मते घेऊन. २०२४ला इंदूरमध्ये नोटाने दोन लाखांचा आकडा ओलांडला. निकालावर परिणाम शून्य. पण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. आणि महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने २०१८मध्ये आदेश काढला की या निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी. म्हणजे तोच मेसेज एका निवडणुकीत थाप, दुसऱ्या निवडणुकीत नियम. दोन आयोग वेगळे आहेत हे ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही ‘फॅक्ट चेक’ केले तरी गोंधळणारच.

साडेतीनशे रुपयांची गोष्ट त्यामानाने गमतीची. मत दिले नाही तर बँक खात्यातून ३५० रुपये कापले जाणार, ही बातमी मूळ एका हिंदी वृत्तपत्राने होळीनिमित्त छापलेला विनोद होता. होळी गेली, कात्रण उरले. आयोगाने वेगवेगळ्या वर्षी खुलासे केले, तरी २०२४ला ते पुन्हा हिंडत होते. त्यामुळे दोनचार आळशी माणसे मतदानाला बाहेर पडली असतील तर मी तक्रार करणार नाही.

आता जरा अडचणीच्या जागी येतो. इथे सभागृहात सगळ्या पक्षांचे लोक आहेत, आणि पहिल्या रांगेत तर दोन माजी नगरसेवक शेजारीशेजारी बसलेत.

२० नोव्हेंबर २०२४ला आपल्या विधानसभेचे मतदान झाले. संध्याकाळी पाचचा आकडा होता ५८.२२ टक्के. अंतिम आकडा आला ६६.०५. मधले आठ टक्के कुठून आले, यावर राज्यभर धुरळा उडाला. या प्रश्नाला थाप म्हणणे हा शुद्ध उद्दामपणा आहे. आकडा एवढा वाढला तर विचारायलाच हवे. मीही विचारले, आणि माझ्याजवळ निदान अर्धे उत्तर होते, कारण मी त्या खुर्चीवर बसलो आहे. तेव्हा पाचचा आकडा केंद्रांवरून तोंडी, घाईत, अंदाजाने वर जायचा. सहा वाजता रांगेत जे उभे असतील त्या सर्वांना, शेपटाकडून सुरुवात करून, चिठ्ठ्या वाटायच्या आणि शेवटच्या माणसाचे मत होईपर्यंत केंद्र चालू ठेवायचे. मग यंत्र बंद करून नमुना १७ क भरायचा : या केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली. त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यायची. कुठल्याही केंद्रावर नंतर मते वाढवली असा ज्याचा आरोप असेल, त्याने हा एक कागद पुढे करावा. ज्याच्याकडे १७ क नाही पण आवाज मोठा आहे, त्याच्याविषयी मुलांनी काय समजायचे ते समजावे.

त्याच निकालानंतर आणखी एक बातमी आली : झालेल्या मतांपेक्षा मोजलेली मते पाच लाखांनी जास्त! आकडे आयोगाचेच होते, वजाबाकीही बरोबर होती. फक्त पहिल्या आकड्यात टपाली मते नव्हती आणि दुसऱ्यात होती. टपाली मते होती ५ लाख ३८ हजार. पुढे २०२५च्या ऑगस्टमध्ये एका नामवंत निवडणूक अभ्यासकाने रामटेक आणि देवळाली मतदारसंघांत लोकसभा आणि विधानसभा यांच्या दरम्यान मतदार तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटल्याचे आकडे प्रसिद्ध केले. दोनच दिवसांत ते मागे घेतले आणि जाहीर माफी मागितली. तक्त्यातली ओळ चुकली होती. मी हे उदाहरण वर्गात मुद्दाम घेतो, ते त्या अभ्यासकाची फजिती दाखवायला नव्हे. चूक झाली तर काय करायचे असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचित सापडते. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. ज्यांनी कधीच काही मागे घेतले नाही, ते मजेत आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर २०२४मध्ये नियम ९३ बदलला, आणि मतदान केंद्रांतले सीसीटीव्ही चित्रण वगैरे नागरिकांनी तपासण्याचा मार्ग आक्रसला. त्याची कारणे दिली गेली आहेत. पण दार लोटून घेतले की बाहेरचा माणूस आत काय चालले आहे याच्या गोष्टी रचतो. गावात राहिलेल्या कुणालाही हे कळते. अफवेशी लढायचे म्हणणाऱ्या संस्थेने तरी दार सताड उघडे ठेवावे.

आणि ‘फेक नॅरेटिव्ह’ हा जो शब्द २०२४च्या लोकसभेनंतर मराठीत रुळला, त्यापासून मुलांना दूर ठेवावे असे माझे मत आहे. हरलेल्याने जिंकलेल्याच्या मुद्द्याला दिलेली ती शिवी आहे. अमुक पक्ष सत्तेवर आला तर तमुक होईल, हे भाकीत आहे. पटले तर घ्या, नाही तर सोडा. अमुक पुढाऱ्याने काल तमुक वाक्य उच्चारले, हा दावा आहे. तो खरा असतो किंवा खोटा. दोन्हींना एकाच पोत्यात भरले की कुठल्याही टीकेला खोटे म्हणून मोकळे होता येते. निवडणूक भाकितांवरच चालते, आणि भाकीत करायला बंदी घातली तर सभेत बोलायला उरेल तरी काय?

आता ‘ध’चा ‘मा’. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा. राघोबादादांनी ‘धरावे’ लिहिले आणि आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, ही गोष्ट आपण आईच्या मांडीवर ऐकली. कागदात फेरफार करण्याला मराठीत याहून नेमका शब्दप्रयोग नाही. पण मी वर्गात विचारतो, तो कागद कुणी पाहिलाय? अनेक अभ्यासक ही कथा दंतकथाच मानतात. अडीचशे वर्षे आपण एका बाईला बनावट कागदाबद्दल दोषी ठरवतो आहोत, आणि आपल्या हातात कागदच नाही! बनावटगिरीला आपल्या भाषेने दिलेले नावच कदाचित एका अफवेतून आलेले. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मला कुठल्याही डीपफेकच्या व्हिडिओने मिळत नाही.

कारण डीपफेक मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. बोटे सहा आहेत का, ओठ आवाजाशी जुळतात का, असले शिकवणे व्यर्थ आहे. आज शिकवलेली खूण सहा महिन्यांत जुनी होते. शिकवायचे आहे ते घड्याळ बघायला. मतदान संपण्यापूर्वीच्या शेवटच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबतो. नेमक्या त्याच शांततेत काय येऊन पडते ते बघा. १९ नोव्हेंबर २०२४ला, मतदानाच्या आदल्या दिवशी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे म्हणून काही आवाज पसरले, बिटकॉइनच्या पैशांबद्दलचे. दोघांनीही ते आपले नव्हेत असे सांगितले. बूम या तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थेने तपासल्यावर त्यांतल्या बहुतेक क्लिप कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केल्या असण्याचा संभव पुढे आला. पण तोवर मतदानाचा दिवस उजाडला होता. उलट बाजूचे उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. अमित शहा यांच्या तेलंगणमधल्या भाषणाची कापाकापी करून ते सगळेच आरक्षण रद्द करणार म्हणत असल्याचा व्हिडिओ एप्रिलमध्ये फिरवला गेला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठली? कात्री होती. राघोबादादांच्या काळी लेखणी असेल, एवढाच फरक. मे २०२४मध्ये आयोगाने पक्षांना सांगितले, असा मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढून टाका. तीन तासांत काय काय होते, हे २१ सप्टेंबर १९९५ला ज्यांनी गणपतीला दूध पाजायला रांग लावली होती त्यांना विचारा. तेव्हा तर घरोघरी फोनही नव्हते.

गणपतीच्या दुधावरून आठवले. आपल्याकडे या कामाची एक घरची परंपरा आहे, आणि आपण ती विसरून परदेशी पुस्तके चाळतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळेत यायचे तेव्हा ‘बुवांवर विश्वास ठेवू नका’ असे भाषण देत नसत. नारळातून आग काढून दाखवायचे. हवेतून अंगारा काढायचे. मुले थक्क झाली की मग युक्ती सांगायचे आणि एखाद्या मुलाकडूनच करवून घ्यायचे. ज्या पोराने स्वतः अंगारा काढलाय, त्याला पुढे कुठला बुवा गंडवणार? खोट्या बातमीचे शिक्षण मी याच घाटाचे करतो. मुलांना गट पाडून सांगतो, आपल्या गावच्या निवडणुकीबद्दल एक पटेल अशी थाप रचा. तीन अटी : नाव गाव खऱ्या माणसाचे नको, कागद वर्गाबाहेर जायचा नाही, आणि तासाच्या शेवटी फाडायचा. वीस मिनिटांत कसले कसले नमुने येतात! वेडावाकडा आकडा टाकायचा हे न सांगता सुचते. ‘एका अधिकाऱ्याने नाव न सांगण्याच्या अटीवर’ हेही सुचते. जातीचे नाव न घेता जात कशी सुचवायची, हे सुचते तेव्हा मात्र अंगावर काटा येतो, आणि पुढचा सगळा तास त्यावर जातो.

दुसरा प्रयोग ठरवून केलेला नव्हता. वर्गप्रतिनिधीची निवडणूक आम्ही खऱ्यासारखी घेतली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा मतपेटी, मतदारयादी, शाई, प्रतिनिधी, १७ क, सारे काही. सकाळी नियमाप्रमाणे अभिरूप मतदानही घेतले. खऱ्या केंद्रावर ते निदान पन्नास मतांचे असते, आम्ही दहाच चिठ्ठ्या टाकून डबा तपासला. दुपारी मोजणी झाली. नोंदवहीत ४३ सह्या, डब्यात ५३ चिठ्ठ्या.

वर्गाचे रणांगण झाले. जिंकलेल्याच्या गटाने डबा बदलला, मोजणाऱ्या मुलीला फितवले, सर सामील आहेत, इथपर्यंत गाडी गेली. कुणीतरी तेवढ्यात मोबाइलवर डब्याचा फोटोही टाकला, वर ‘घोटाळा’ असे लिहून. अर्ध्या तासाने मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, “सकाळच्या दहा चिठ्ठ्या डब्यातून काढल्या होत्या का?” काढल्या नव्हत्या. खऱ्या केंद्रावर याच भीतीने अभिरूप मतदानाच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून, काळ्या पाकिटात बंद करतात, आणि तरीही एखाद्या ठिकाणी केंद्राध्यक्ष यंत्र पुसायला विसरतोच. पण त्या दिवशी मला महत्त्वाचे वाटले ते पुढचे. चूक सापडल्यावरही फोटो काढून टाकायला त्या मुलाने दोन दिवस लावले. म्हणाला, “सर, तोवर खूप लाइक्स आले होते.”

पाच लाख जास्तीच्या मतांचे उदाहरण मी त्यानंतर घेतो. टपाली मते हा शब्द फळ्यावर लिहायच्या आधीच वर्गातून आवाज येतो.

बिहारची गोष्ट मी अर्धवट सांगितली होती. तिथेच पुढे बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या सहकार्याने वेगळा प्रयोग केला. ५८३ गावे, साडेतेरा हजारांच्या आसपास विद्यार्थी. या वेळी एक तास नव्हता. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हापुन्हा भरणारे वर्ग होते, शिक्षक होते, गृहपाठ होता. मुख्य भर आरोग्याच्या भूलथापांवर. महिने उलटल्यावर तपासले तर परिणाम टिकलेला होता, आणि जे शिकवलेच नव्हते त्या राजकीय बातम्यांनाही मुले तीच चाळणी लावत होती. आणखी एक गोष्ट घडली : काही प्रमाणात मुलांच्या आईबापांतही फरक दिसला. त्याआधी २०१८मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यात तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी दीडशे सरकारी शाळांत असे वर्ग सुरू केले होते. म्हणजे रस्ता आहे, पण तो वेळापत्रकातून जातो. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनाची शपथ घ्यायची, सेल्फी काढायचा आणि सव्वीसला झेंडावंदन करून जिलेबी खायची, यातून तो जात नाही.

आईबापांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. वर्गात सगळ्यात जास्त अडणारी मुले ‘खोटे कसे ओळखायचे’ इथे अडत नाहीत. ती अडतात ‘काकांना कसे सांगायचे’ इथे. थाप अनोळखी माणसाकडून आली तर अठरा वर्षांचे पोर चटकन ओळखते. ती घरच्या ग्रुपवर मामाकडून येते, ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाखाली येते, आणि तिला उत्तर देणे म्हणजे मामाचा पाणउतारा करणे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना चारचौघांत खोडत नाहीत. हे वळण सोडा, असे मी मुलांना सांगणार नाही; त्या वळणातूनच वाट काढता येते.

ती वाट मला एका माजी विद्यार्थिनीने दाखवली. २०१९च्या निकालाआधी मतदानयंत्रे खासगी गाडीतून नेत असल्याचा एक व्हिडिओ मी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवला. मी, केंद्राध्यक्ष! न तपासता. माझ्या मनात जे होते तेच त्यात दिसत होते, म्हणून. ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. रात्री तिचा एकटीचा मेसेज आला : “सर, जेवण झालं का? त्या गाडीची नंबरप्लेट बघितलीत? आपल्या राज्यातली नाही, आणि व्हिडिओ मागच्या निवडणुकीतला दिसतोय.” बस. मी ग्रुपवर चूक कबूल केली. तिने तेच ग्रुपवर लिहिले असते तर, खरे सांगतो, मी वाद घातला असता. वाद घालायला माझ्याकडे इतक्या वर्षांचा अनुभव होता.

तेव्हापासून ‘आधी जेवण झालं का विचारा’ हा माझ्या अभ्यासक्रमातला एक धडा आहे. खासगीत सांगा. प्रश्न म्हणून सांगा. काकांना माघार घ्यायला जागा ठेवा.

आपल्या तालुक्यातली जी मुले आत्ता सतरा पूर्ण करून बसली आहेत, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या चारांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण होतील, ती धरून नमुना ६ आधीच भरता येतो. १९५० हा हेल्पलाइनचा क्रमांक. बाहेर टेबलावर फॉर्म ठेवले आहेत, संयोजकांनी परवानगी दिली आहे. कुठल्याही मेसेजने नाव यादीत जात नाही.

शेवटी एक थकबाकी. गेल्या शुक्रवारी वर्गात एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, समोरचे रोज खोटं पसरवतात. आमच्या बाजूनेही एखादं पसरतं, मला कळतं. पण ते थांबवलं तर आम्हीच हरणार. मग पहिल्यांदा आम्हीच का थांबायचं?” मुलगा हुशार आहे, एका पक्षाच्या सभेला सतरंज्याही घालतो. मी तोंड उघडले, दोन वाक्ये बोललो, ती मलाच पटली नाहीत. तेवढ्यात घंटा झाली, म्हणून सुटलो. त्याला सांगितले आहे, पुढच्या शुक्रवारी उत्तर देतो. अध्यक्ष महाराज, आपण समारोपाला उभे राहाल तेव्हा आपल्याकडे काही असेल तर ऐकायला मी पहिल्या रांगेत येऊन बसतो आहे, त्या दोन नगरसेवकांच्या शेजारी.